कॅम्पिंगला कोळशाची छोटी बार्बेक्यू नेतोय, मागच्या वेळी चिकन बाहेरून करपलं आणि आत कच्चं राहिलं, मदत हवी

ठाणेकर_आई

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सात जण भंडारदऱ्याला दोन रात्री तंबूत राहायला चाललोय, मी, नवरा, दोन मुलं (९ आणि ५), दीर-जाऊ आणि सासूबाई. ओळखीतून एका शेतकरी कुटुंबाच्या शेतात जागा मिळालीय, तंबू आमचेच. सकाळचा चहा-पोहे ते देणार, रात्रीचं जेवण आपण करू असं मीच उत्साहात सांगून बसलेय. त्यासाठी दिवाळीत घेतलेली घडीची बार्बेक्यू नेणार आहे, छोटीच आहे, हातभर लांब, पेटीसारखी उघडते, खाली कोळशाचा ट्रे आणि वर जाळी.

अडचण अशी की डिसेंबरात पवनेला ती पहिल्यांदा वापरली आणि पार विचका झाला. कोळसा पेटायलाच तास गेला, जवळची वर्तमानपत्रं संपली, शेवटी जरा ज्वाळा दिसल्या तसे घाईघाईने चिकनचे लेग पीस जाळीवर टाकले, तेल गळून भडका उडाला आणि दहा मिनिटांत बाहेरून काळेकुट्ट. मला वाटलं झालं. धाकट्याने पहिला घास तोडला आणि हाडापाशी लाल दिसलं, त्याच्या हातातून ताट काढून घेताना माझे हात थरथरत होते. मुलं बिस्किटं खाऊन झोपली. ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून यावेळी नीट शिकूनच जायचंय.

तर कोळसा कुठला घ्यायचा आणि सात माणसांना किती लागतो, वाऱ्यात तो पेटवायचा कसा, चिकन आतपर्यंत शिजलंय हे अंधारात कसं कळणार, ठाण्याहून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत ते टिकवायचं कसं, आणि सासूबाई शाकाहारी आहेत तर त्यांना मका-पनीर सोडून पोटभरीचं काय करता येईल.

अजून एक, तिकडे जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी असते म्हणतात. जेवणं झाल्यावर निखारे उरतातच, ती शेगडी तशीच मोठ्या तंबूत आत घेतली तर ऊब राहील का? दीर म्हणतात निखाऱ्याला धूर नसतो, चेन थोडी उघडी ठेवू. मुलं त्याच तंबूत झोपणारेत म्हणून विचारतेय.

सह्यभटक

ताई, बाकीचं सगळं नंतर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. चेन उघडी ठेवूनही नाही, दहा मिनिटं नाही, तंबूच्या तोंडाशी छपराखाली सुद्धा नाही.

हे मी अंगावर घेतलेलं आहे म्हणून इतक्या जोरात सांगतोय. कॉलेजला असताना आम्ही चौघं एका किल्ल्याच्या पायथ्याला तंबूत होतो, गारठा इतका की बोटं वळत नव्हती, म्हणून चुलीतले निखारे घमेल्यात भरून आत घेतले. मस्त उबदार झालं, गप्पा मारत मारत डोळे मिटायला लागले. अर्ध्या-पाऊण तासाने माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळत होतं, वाटलं दुपारचं काहीतरी बाधलं. एक मित्र लघवीला उठला आणि गुडघ्यातच दुमडला, उभंच राहता येईना त्याला. तो पडला ते दाराच्या चेनवर, दार फाटलं आणि गार हवा आत आली, म्हणून आम्ही आज आहोत. चौथा झोपलेला, त्याला ओढून बाहेर काढला तर तो डोळेच उघडेना, गालावर मारून मारून जागा केला. त्या थंडीत आम्ही पहाटेपर्यंत बाहेर बसलो, कुणाला आत जायची हिंमत नव्हती.

दीर म्हणतात ते बरोबर आहे, निखाऱ्याला धूर नसतो, आणि फसगत होते ती तिथेच. धूर असला की डोळे चुरचुरतात, माणूस उठून बाहेर पळतो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला रंग नाही, वास नाही, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे तुम्ही श्वास घेताय पण शरीराला प्राणवायू पोचतच नाही. झोप येतेय असं वाटतं आणि ती झोपच असते शेवटची. राख चढून विझल्यासारखे दिसणारे निखारेही तो सोडतच असतात. हिवाळ्यात उत्तरेकडून बातम्या येतात ना, खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं अख्खं कुटुंब गेलं म्हणून, ते हेच. आणि तंबू तर खोलीपेक्षा लहान, त्यात दव पडलं की कापडाची छिद्रंही बुजतात. तेच गाडीचं, गरम शेगडी डिकीत ठेवून काचा लावून निघू नका. बाहेर बसलेलं असताना सुद्धा कुणाचं डोकं दुखायला लागलं, गरगरलं, तर आधी त्याला शेगडीपासून लांब मोकळ्या हवेत न्या आणि लगेच १०८ ला फोन लावा.

ऊब हवी तर त्याच निखाऱ्यांवर पाणी तापवा, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, मोज्यात घाला आणि मुलांच्या पायाशी द्या, तीन-चार तास सहज जातात. थंडी खालून जास्त लागते, त्यामुळे मॅटखाली जाड घोंगडी किंवा सतरंजी टाका. दिवसभराचे घामाचे कपडे आणि मोजे झोपताना बदलाच.

ठाणेकर_आई

वाचून अंगावर काटा आला. दिरांना आत्ताच वाचायला दिलं, ते दोन मिनिटं गप्प झाले आणि म्हणाले मी बाटल्या घेऊन येतो. खूप खूप आभार दादा, खरंच.

निखारा_नाशिक

सह्यभटक यांनी मुख्य काम केलंय, आता विस्तवाचं मी सांगतो. ताई, तुमचं चिकन बिघडलं नव्हतं, घाई झाली होती. ज्वाळेवर काहीच भाजायचं नसतं, भाजायचं ते निखाऱ्यावर. हे एक जमलं की बाकी सगळं आपोआप जमतं.

कोळसा साधा लाकडी घ्या, इस्त्रीवाले आणि तंदूरवाले वापरतात तो. हातात घेतला की हलका लागला पाहिजे, तुकड्यावर तुकडा आपटला की टणटण वाजला पाहिजे, बद्द वाजला तर दमट आहे किंवा नीट जळालेला नाही, तो धूर करणार. पिशवीत तळाला नुसता चुरा असेल तर घेऊ नका, चुरा हवा कोंडतो. ब्रिकेट मिळतात त्या सावकाश पेटतात पण धग एकसारखी देतात आणि जास्त वेळ टिकतात, नारळाच्या करवंटीच्या तर फारच छान, धूर जवळजवळ नाही. पहिल्या वेळेला मी दोन्ही मिसळतो, लाकडी पटकन पेटतो आणि ब्रिकेटला पेटवतो. दगडी कोळसा मात्र स्वयंपाकाला बिलकुल नको, त्यात गंधक असतं. तुमच्या ट्रेला एका वेळी पाऊण ते एक किलो बसेल, सात माणसांच्या एका जेवणाला दोन-अडीच किलो धरा, दोन रात्रींना ५ किलोची पिशवी पुरते. पिशवी रात्री बाहेर उघडी ठेवलीत तर दवाने ओली होईल, मग दुसऱ्या दिवशी परत तेच वर्तमानपत्र प्रकरण.

आता पेटवायचं. एक उभा पत्र्याचा डबा घ्या, आतून रंग-वार्निश नसलेला, साधारण दोन किलोचा. झाकण काढा, तळाला आणि खालच्या चार बोटांत आजूबाजूने जाड खिळ्याने भरपूर भोकं पाडा. घरी गच्चीवर एकदा रिकामाच तापवून घ्या म्हणजे त्याच्यावर जे काही असेल ते जळून जाईल. तिकडे गेल्यावर बार्बेक्यूच्या ट्रेमध्ये दोन छोटे दगड, त्यावर हा डबा, डब्यात कोळसा काठोकाठ, आणि खाली फटीत वर्तमानपत्राचा बोळा ज्यावर चमचाभर गोडंतेल शिंपडलंय. तेलामुळे कागद भुर्रकन जळून न जाता दिव्याच्या वातीसारखा पाच-सात मिनिटं जळतो, तुमच्याकडे कागद संपला तो याच्यामुळेच. कापराच्या चार वड्या ठेवल्या तरी चालतं, नारळाची शेंडी तर उत्तमच. हवा खालून शिरते, वर खेचली जाते आणि १५ ते २० मिनिटांत वरच्या कोळशाच्या कडा पांढऱ्या व्हायला लागतात. फुंकायची गरज नाही, सुपाने वारा घालायची तर त्याहून नाही, राख उडून डोळ्यात जाते फक्त. मग चामड्याचा हातमोजा घालून पकडीने डबा उचलायचा आणि निखारे ट्रेमध्ये ओतायचे. हे ओतताना मुलं पाच-सहा पावलं लांब.

ओतल्यावर ते ट्रेभर पसरू नका. सगळे एका बाजूला लोटा, दुसरी अर्धी बाजू रिकामी. तुमच्या छोट्या शेगडीत हे अवघड वाटेल पण याच्याशिवाय लेग पीस होत नाही. धगीची बाजू रंग आणायला, रिकामी बाजू शिजवायला. लेग पीस आधी रिकाम्या बाजूला, वर उलटं पातेलं किंवा घमेलं झाकायचं म्हणजे आत भट्टी तयार होते, आणि शेवटची पाच मिनिटं धगीवर. चरबी गळून भडका उडाला तर पाणी मारू नका, पीस फक्त पलीकडे सरकवा, तेवढ्यासाठीच ती रिकामी जागा. धग बघायला तळहात जाळीच्या वर वीतभर धरा, दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर कडक आहे, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम, चिकनला मध्यमच हवी.

आणि एक राहिलंच. जाळी मोडली म्हणून हार्डवेअरच्या दुकानातली चकाकणारी जाळी कापून आणू नका, तिला जस्ताचा मुलामा असतो, तापला की त्याची विषारी वाफ निघते. स्टीलची किंवा साधी काळी लोखंडी जाळी.

पुणे३०

इतका व्याप कशाला, थोडं रॉकेल शिंपडलं की दोन मिनिटांत पेटतं. आम्ही वर्षानुवर्षं हेच करतोय.

निखारा_नाशिक

दादा, पेटतं हे खरं, पण कोळसा सच्छिद्र असतो, तो रॉकेल पितो आणि मग तासभर त्याची वाफ वरच्या अन्नात जाते. मका एकदा असा खाऊन बघा आणि एकदा कापरावर पेटवलेल्या विस्तवावरचा, जिभेला लगेच कळेल. आणि खरी भीती वेगळी आहे, विझला वाटून लोक दुसऱ्यांदा ओततात, आत विस्तव असतोच आणि ज्वाळ धारेवरून बाटलीपर्यंत चढते. माझ्या सख्ख्या मामाचा हात असाच भाजला, अजून बोटं पूर्ण मिटत नाहीत. लहान मुलं आजूबाजूला असताना कृपया हे सुचवू नका.

पुणे३०

बाटलीचं लक्षात नव्हतं आलं. पटलं. डबा करून बघतो.

तांबडा_पांढरा

ताई मी कोल्हापूरची, चिकनचं माझ्याकडून घ्या. आदल्या रात्री घरी मसाला लावा, दही, आलं-लसूण, हळद, कांदा-लसूण चटणी, मीठ, वरून चमचाभर मोहरीचं तेल. लेग पीसला हाडापर्यंत तिरक्या तीन चिरा द्या, मसाला आत जातो आणि हाडापाशी लवकर शिजतं. मध-साखर काही घालणार असाल तर ते शेवटच्या दोन मिनिटांत वरून, आधी लावलंत की तेच आधी करपतं आणि झालं असं वाटून आपण फसतो. मग सगळं जाड झिपच्या पिशवीत एका थरात चपटं पसरून हवा काढून फ्रीझरमध्ये दगडासारखं गोठवा. निघताना तीच पिशवी तुमचा बर्फ. थर्मलच्या डब्यात तळाला ती, वर बर्फाच्या एक-दोन बाटल्या, आणि डबा सारखा उघडायचा नाही, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या डब्यात. दुपारी पोचेपर्यंत अर्धं सुटेल, संध्याकाळी पाचपर्यंत बरोबर. ५ ते ६० अंशांच्या मधे कच्चं चिकन दोन तासांच्या वर राहता कामा नये एवढं धरून चाला. दुसऱ्या रात्रीसाठी चिकन नेऊच नका, बर्फ टिकणार नाही, दुसऱ्या रात्री अंडी आणि भाज्या करा किंवा त्या शेतकरी ताईंकडूनच गावठी कोंबडीचा रस्सा सांगा, तो तसाही तुमच्या बार्बेक्यूपेक्षा भारी असणार.

शिजलं का ते बघायला सुईसारखं थर्मामीटर मिळतं, फार महाग नाही, ते घ्याच. सगळ्यात जाड भागात खुपसायचं, हाडाला टेकवायचं नाही, ७४ अंश दिसलं की शिजलं. रंगावर आणि रसावर विसंबू नका, निखाऱ्याच्या उजेडात सगळंच तांबूस दिसतं. डोक्याला लावायची पांढऱ्या उजेडाची बॅटरी हवीच. थर्मामीटर नाहीच मिळालं तर मुलांसाठी बोनलेसचे लिंबाएवढे तुकडे शिगेला लावा, ते मधे कापून दाखवता येतात. घरून अर्धवट शिजवून न्यायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, अर्धवट शिजलेलं ठेवणं कच्च्यापेक्षा वाईट. न्यायचं तर पूर्ण शिजवून गार करून न्या आणि तिकडे फक्त धुराचा वास द्या.

कच्च्याचा चिमटा आणि ताट वेगळं, शिजलेल्याचं वेगळं. पिशवीत उरलेला मसाला शेवटी वरून ब्रशने लावायचा मोह होतो, तो फेकून द्या. बांबूच्या काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवा.

अकोलेकर

राम राम. मी त्याच भागातला, आमच्या रानात पण लोकं तंबू टाकत्यात म्हणून चार गोष्टी सांगतो, राग मानू नका.

जानेवारीत आमच्याकडं गवत कंबरेएवढं आणि पार वाळलेलं असतंय. एक ठिणगी आणि बांध पेटतो, बांधावरनं डोंगर. वणवा लागला की आम्ही बायका-पोरांसकट निरगुडीचे फोक घेऊन झोडपायला पळतो, रात्र रात्र जाते. त्यात जनावरांचा वर्षाचा चारा जातो, पाखरांची घरटी जातात, आंब्या-जांभळाची लावलेली रोपं जातात. म्हणून शेगडी मांडायच्या आधी जागा बघा. नांगरलेली जमीन किंवा खडक, चारी बाजूला दहा-दहा फूट गवत नाही, तंबूपासून लांब आणि तंबू वाऱ्याच्या वरच्या अंगाला. ज्यांच्या शेतात राहणारात त्यांनाच विचारा, ते जागा दाखवतील, काहीतरी कारण असतं म्हणून ती जागा असती. शेगडी पेटवायच्या आधी दोन बादल्या पाणी भरून शेजारी ठेवा, पेटल्यावर नळ शोधत फिरू नका. अंधार पडल्यावर तळ्याकडनं वारा सुटतो आणि दिशा बदलतो, तर एक बाजू गाडीने नाहीतर दगडांच्या आडोशाने आडवा, आणि वारं लई असेल तर त्या दिवशी शेगडी पेटवायचीच नाही, आमच्या घरात चूल आहे, बाया भाकरी करून देतील.

दुसरं, रतनवाडी, साम्रद, घाटघर हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा पट्टा आहे. गावातल्या शेतात मालकाच्या परवानगीनं गोष्ट वेगळी, पण सांदण बघायला जाताना किंवा रतनगडाच्या वाटेवर बार्बेक्यू बरोबर घेऊन रानात पेटवायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्याच्या ३० व्या कलमात अभयारण्यात धोका होईल असा विस्तव पेटवायला बंदी आहे, आणि वनखात्याचे लोक फिरत असतात.

तिसरं निखारे. जेवण झालं की लोकं दमतात आणि शेगडी तशीच सोडून झोपतात, मध्यरात्री वाऱ्यानं ती पालथी होते. निखारे चिमट्याने एक एक उचलून बादलीतल्या पाण्यात टाका, चर्र वाजायचं थांबेस्तोवर. तापलेल्या ट्रेमध्येच पाणी ओतू नका, वाफ तोंडावर येती आणि पत्रा वाकडा होतो. राख पण पाण्यात कालवून हाताने चाचपून गार असल्याची खात्री करा. वरनं गार दिसणारी राख दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आत धरून असती. मग ती कुठं टाकायची ते मालकांना विचारा, तेल-मसाला नसलेली साधी राख आम्ही कांद्याच्या वाफ्यात घेतो.

ठाणेकर_आई

अकोलेकर दादा, राग कसला, हे तर कुणी सांगतच नाही. शेतमालकांना आजच फोन केला, ते म्हणाले खळ्याची सारवलेली जागा देतो, तिथे गवत नाही. आणि तुमच्यासारखंच म्हणाले, वारा असला तर चूल आहेच. थर्मामीटर मागवलं. आता सासूबाईंचं कुणी सांगा ना, त्या म्हणतात मी दही-भात खाईन, पण सगळे विस्तवाभोवती बसलेले असताना त्यांनी डब्यातला दही-भात खायचा हे मला बघवणार नाही.

खानदेशी_लेक

ताई, त्यांच्यासाठी भरीत! विस्तवावरचं भरीत म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याचा सण असतो, शेतात तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजतात आणि गावच्या गाव जेवायला बसतं. आणि जानेवारी म्हणजे भरताच्या वांग्यांचा ऐन हंगाम. जळगावकडची हिरवी-पांढरट मोठी वांगी मिळाली तर सोन्याहून पिवळं, नाहीतर कुठलंही मोठं, हाताला हलकं लागणारं घ्या, जड असलं की आत बिया.

सगळ्यात आधी शाकाहारी भाजा, चिकन जाळीवर यायच्या आधी, म्हणजे सासूबाईंच्या मनालाही बरं वाटेल, आणि त्यांच्यासाठी वेगळी छोटी जाळी नेलीत तर फारच छान. वांग्याला सुरीने चार टोचे मारा, तेलाचा हात फिरवा आणि धगीच्या बाजूला देठासकट ठेवा. घाई करून बाजू बदलू नका. आधी साल चकचकीत होते, मग सुरकुतते, मग कागदासारखी फाटून आतला गर फुसफुसायला लागतो आणि देठापाशी गोडसर पाण्याचे थेंब उकळताना दिसतात. चिमट्याने धरल्यावर वांगं मधेच लुळं पडलं पाहिजे, देठाजवळ जरा जरी टणक लागलं तर अजून पाच मिनिटं. मग पातेल्यात झाकून ठेवा, वाफेने साल सुटते. सोबत हिरव्या मिरच्या आणि लसणाचा अख्खा गड्डा त्याच जाळीवर भाजा. ठेचताना मिरची-लसूण-मीठ आधी, मग गर, वर भाजलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि कच्च्या तेलाची धार. आम्ही कळण्याच्या भाकरी किंवा पुरीबरोबर खातो, तुम्हाला शेतमालकीणबाई भाकरी देतीलच.

रताळी पण न्या, ती घरून अर्धी उकडून, फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्याच्या कडेला, वीस मिनिटांत मधासारखी होतात. बटाट्याचंही तसंच, कच्चा टाकलात तर तास खातो. आणि शेवटी एक काम करा, शेतावरून साधं वरण मागवा, त्यात वाटी ठेवा, वाटीत एक लाल निखारा, त्यावर चमचाभर साजूक तूप आणि पटकन झाकण. पाच मिनिटांनी झाकण काढताना सासूबाईंनाच काढू द्या.

टेम्सकाठी

इंग्लंडमधून लिहितोय, कॅम्पिंगला इथे बार्बेक्यू सगळेच नेतात त्यामुळे दोन शब्द. इथे फॉइलच्या ट्रेमधली एकदाच वापरायची बार्बेक्यू मिळते, लोक ती गवतावर ठेवतात, खालचं गवत जळून काळा चौकोन उरतो. मे २०२० मध्ये डॉर्सेटमधलं वेअरहमचं जंगल जळालं, २०० हेक्टरच्या आसपास, आणि अग्निशमन दलाला तिथे अशा कितीतरी बार्बेक्यू टाकून दिलेल्या सापडल्या. भारतात आता ऑनलाइन दिसतात त्या, कृपया घेऊ नका. तुमच्या घडीच्या शेगडीचे पायही आखूड असतील तर खाली चार विटा घाला. सारवलेल्या खळ्यावर काळा डाग राहिला तर मालकांनाच वाईट वाटेल.

अलिबागकर

वरती सगळं आलंय, मी फक्त कोकणातल्या लोकांसाठी एक घालतो. समुद्रकिनारी बार्बेक्यू केली तर निखारे वाळूत पुरून निघून जाऊ नका. वाळू हवा अडवते पण उष्णता धरून ठेवते, वरून काही दिसत नाही आणि सकाळी अनवाणी पळणाऱ्या पोराचा पाय त्यात जातो. आमच्याच आळीतल्या एका मुलीच्या तळव्याला असा फोड आलेला मी पाहिलाय. वाळूने विझवायचं नाही, पाण्यानेच.

आणि ताई, भंडारदरा झालं की एकदा आमच्याकडे पोपटीला या. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, केळीच्या पानात बांधलेलं चिकन, तोंडाला परत पाला कोंबून मडकं उलटं, भोवती जाळ. एक थेंब पाणी नाही आणि पाल्याचा तो वास दोन दिवस बोटांना राहतो. वालाच्या शेंगा आहेत तोवरच.

ठाणेकर_आई

काल रात्री परत आलो, सामान अजून तसंच पडलंय पण आधी इथे लिहायला बसले.

पहिल्या दिवशी वारा नव्हता. मालकांनी खळ्याच्या एका कडेला विटा लावून दिल्या, दोन बादल्या शेजारी. नवऱ्याने गच्चीवर तापवून आणलेला डबा भरला, खाली तेलाचा बोळा आणि कापूर, आणि खरंच कुणीही फुंकलं नाही, अठरा मिनिटांत वरच्या कोळशांना राखेची पांढरी किनार आली. मोठी लेक घड्याळ लावून बसली होती. आधी वांगी. सासूबाई स्वतः पाट घेऊन शेगडीपाशी बसल्या आणि चिमटा कुणाच्या हाती देईनात, म्हणाल्या माझ्या माहेरी चुलीच्या आराला भाजायचो, पन्नास वर्षांत हा वास नाही आला. देठाजवळ थेंब उकळताना दिसले तेव्हा त्यांनीच मला हाक मारून दाखवलं. मालकीणबाईंनी तांदळाच्या भाकरी दिल्या आणि ठेचायला त्याच बसल्या, दोघींचं मिरच्या किती यावरून चांगलंच जुंपलं होतं.

चिकनला मी अर्धी बाजू रिकामी ठेवली आणि वर मालकांचं घमेलं घासून झाकलं. पंचवीस मिनिटांनी बघितलं तर रंग असा सुंदर की मागच्या वेळची मी तेव्हाच काढलं असतं. थर्मामीटर खुपसलं, ६१. परत झाकलं. परत बघितलं, ६८. धाकटा ताट घेऊन उभा, मी त्याला म्हटलं अजून थोडं थांब राजा. एकूण चाळीस मिनिटांनी ७६ आलं आणि मग धगीवर दोन-दोन मिनिटं. हाडापाशी बॅटरी धरून बघितलं, पांढरं स्वच्छ. त्याने दोन लेग पीस खाल्ले, मी बघत बसले होते.

रात्री दिरांनी स्वतः सगळे निखारे बादलीत विझवले, शेगडी तंबूपासून वीस पावलांवर नेऊन पालथी घातली. सगळ्यांच्या पायाशी गरम बाटल्या होत्या, पहाटे उठले तेव्हाही माझी कोमट होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटला, शेगडी काढलीच नाही, चुलीपुढे बसून गावठी कोंबडीचा रस्सा खाल्ला, सासूबाईंनी उरलेलं भरीत आणि वरण. धुंगार त्यांनीच दिला.

सह्यभटक दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर ती शेगडी आत गेली असती. त्या रात्री बाहेर इतका गारठा होता की कुणीच विरोध केला नसता.

एकच विचारायचं राहिलं, जाळीवर मसाला कडक चिकटलाय आणि दवाने एका कोपऱ्यात तांबूस गंज दिसतोय. घासू कशी?

निखारा_नाशिक

वाचून फार बरं वाटलं ताई. ६१ ला थांबलात ते मला सगळ्यात आवडलं.

जाळी साधी लोखंडी असेल तर रात्रभर राखेच्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी नारळाच्या शेंडीने घासा, गंज गेला की लगेच गॅसवर कोरडी करा आणि गरम असतानाच तेलाचा बोळा फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळा. तारेच्या ब्रशने घासू नका, तार तुटून जाळीत अडकते आणि पुढच्या वेळी घासातून पोटात जाते. पुढच्या वेळी पेटवल्यावर अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तापल्या जाळीवरून फिरवा, चिकटणारच नाही.

अकोलेकर

गाव कुठलं ते आता कळलं, खळ्यावरनं ओळखलं. ते माझे चुलत चुलते. काकू सांगत होत्या ठाण्याच्या आजी मिरच्या कमी घालायला सांगत होत्या म्हणून. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला या, तेव्हा शेगडी घरीच ठेवा, उजेड केला की काजवे दिसत नाहीत.